सीए लावावा का? (फडणीस ते फॉर्म १६)

जुलै महिना लागला की आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये पावसाच्या खालोखाल एकाच विषयावर चर्चा असते. "तू रिटर्न स्वतः भरतोस की सीएकडून?" प्रश्न विचारणारा बहुतेक वेळा नवीन जॉइन झालेला असतो आणि उत्तर देणारे दोन गटांत विभागलेले असतात. पहिला गट म्हणतो, "फॉर्म १६ मधले आकडे उचलून तिकडे टाकायचे, त्याला कशाला दोन हजार घालवायचे?" दुसरा म्हणतो, "डोक्याला ताप नको राव, दोन हजार दे आणि मोकळा हो."

मी वर्षानुवर्षं पहिल्या गटाचा स्वयंघोषित अध्यक्ष होतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयकर खात्याचा एक एसेमेस आला आणि अध्यक्षपद गेलं. ती गोष्ट शेवटी सांगतो. पण त्या एसेमेसनंतर मला एक वेगळाच नाद लागला. मुळात पगारदार माणसाला हिशेबनीस लागायला लागला कधीपासून? आणि का? शनिवार-रविवार घालवून जे सापडलं ते असं आहे.

फडावरचे लोक

आपल्याकडे हिशेबनीस ही काही इंग्रजांनी आणलेली वस्तू नव्हे. अर्ध्या मराठी आडनावांत हिशेब भरलेला आहे. फडणीस, मुजुमदार, चिटणीस, पोतनीस, कुळकर्णी. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत अमात्य म्हणजेच मुजुमदार, राज्याच्या जमाखर्चावर नजर ठेवणारा. नाना फडणवीसांचं तर पदच आडनाव होऊन बसलं.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. हे सगळे हिशेबनीस सरकारचे होते. कर देणाऱ्याचा हिशेबनीस कुणीच नव्हता! गावात सारा कुणी किती दिला, बाकी किती, हे कुळकर्ण्याच्या दप्तरात, मोडी लिपीत लिहिलेलं. ज्याच्या नावावर बाकी लिहिली त्याला ते वाचता येत नसे. कागद वाचता येणारा आणि न येणारा यांच्यातल्या या दरीत किती लूट होते, हे महात्मा फुल्यांनी १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये आकडे आणि राग दोन्ही घालून मांडलेलं आहे. आपल्या कॉर्पोरेट भाषेत याला मोठं भारदस्त नाव आहे, पण मुद्दा तोच. ज्याला नियम कळतो तो, ज्याला कळत नाही त्याच्याकडून काहीतरी घेतो. कधी फी म्हणून, कधी नुसताच.

विल्सनसाहेबांचा कर

आता आयकर. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारची तिजोरी रिकामी आणि डोक्यावर कर्ज. म्हणून लंडनहून जेम्स विल्सन नावाच्या माणसाला भारताचा अर्थखात्याचा सदस्य म्हणून पाठवलं. हाच तो, ज्याने १८४३ साली 'द इकॉनॉमिस्ट' सुरू केलं. नोव्हेंबर १८५९ मध्ये तो कलकत्त्याला उतरला आणि फेब्रुवारी १८६० मध्ये त्याने आयकराची योजना मांडली.

नियम आजच्या मानाने फारच गोंडस होते. वर्षाला २०० रुपयांच्या आत उत्पन्न असेल तर काही नाही. २०० ते ५०० वाल्याला २ टक्के. ५०० च्या वर ४ टक्के. उत्पन्नाचे चार प्रकार: जमीनजुमला, धंदा-व्यवसाय, रोखे आणि पगार-पेन्शन. बस. आपल्या रिटर्नमध्ये आज पगार, घर, धंदा वगैरे जे वेगवेगळे रकाने दिसतात त्यांची ही पहिली आवृत्ती म्हणायला हरकत नाही.

एवढ्यावरही केवढा गहजब झाला! मद्रासचा गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेलियन, म्हणजे सरकारचाच माणूस, त्याने या कराला जाहीर विरोध केला. त्याला परत बोलावून घेतलं. २४ जुलै १८६० ला कायदा लागू झाला (म्हणून आयकर खातं २४ जुलैला आयकर दिवस साजरा करतं) आणि ११ ऑगस्टला विल्सन कलकत्त्यात आमांशाने गेला. कायदा झाल्यावर जेमतेम अठरा दिवसांत. यात कुणी कर्मफळ शोधू नये, त्या काळच्या कलकत्त्याची हवाच तशी होती. १८६५ मध्ये हा कर बंदही झाला. मग पुढची वीस वर्षं परवाना कर, पुन्हा आयकर, पुन्हा परवाना कर असा खेळ चालू राहिला. १८७८ मध्ये परवाना करावरून सुरतेत दंगल झाली.

कर कायमचा घरात शिरला तो १८८६ च्या कायद्याने. वर्षाला ५०० रुपयांच्या आत माफ. ५०० ते २००० पर्यंत रुपयाला ४ पै, आणि त्यापुढे ५ पै. एका रुपयात १९२ पै. म्हणजे महिना ५० रुपये पगाराच्या, वर्षाला ६०० मिळवणाऱ्या कारकुनाचा कर किती? २४०० पै, म्हणजे साडेबारा रुपये. तोही सरकारी नोकराच्या पगारातून परस्पर कापून घ्यायचा. शेतीचं उत्पन्न याच कायद्यात बाहेर ठेवलं गेलं.

बघा, पगारदाराची गोष्ट इथेच ठरून गेली. त्याचं उत्पन्न मालकाला माहीत, मालक कापून भरणार, लपवायला जागा नाही, वाद घालायला मुद्दा नाही. त्याला हिशेबनीस कशाला हवा? हिशेबनीस हवा होता तो व्यापाऱ्याला. कारण 'नफा' म्हणजे नक्की किती, हा प्रश्न त्याचाच होता.

१९१८: एका वर्षात तीन गोष्टी

मला या सगळ्या वाचनात १९१८ हे साल फार आवडलं. त्या वर्षी तीन गोष्टी झाल्या आणि माझ्या माहितीत त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण शेजारी शेजारी ठेवल्या की मजा येते.

एक, नवा आयकर कायदा आला (चार वर्षांनी, १९२२ मध्ये तो बदलून पुन्हा नवा आला). दोन, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात कुळकर्णी वतन बंद करून त्या जागी पगारी तलाठी नेमायला घेतले. म्हणजे हिशेब लिहिणं हा जन्माने मिळणारा हक्क राहिला नाही, ती नोकरी झाली. आणि तीन, मुंबईत सरकारी अकाउंटन्सी डिप्लोमा सुरू झाला. परीक्षा द्या, मान्यताप्राप्त अकाउंटंटकडे तीन वर्षं उमेदवारी करा, मग प्रमाणपत्र. १९१३ च्या कंपनी कायद्याने कंपन्यांचं ऑडिट सक्तीचं केलं होतं, त्यासाठी माणसं हवी होती. त्याच १९१३ साली मुंबईत सिडनहॅम कॉलेजही निघालं होतं.

आपल्या ओळखीचा 'सीए' मात्र स्वातंत्र्यानंतरचा. १ जुलै १९४९ ला चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा लागू झाला आणि संस्था उभी राहिली. मुंबईचे जी. पी. कापडिया पहिले अध्यक्ष. सुरुवातीला सभासद सतराशेच्या आसपास होते, आज चार लाखांच्या वर आहेत. संस्थेचं बोधवाक्य कठोपनिषदातलं आहे, सगळे झोपलेले असताना जो जागा असतो त्याच्याबद्दलचं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एखाद्या सीएच्या ऑफिसात रात्री अकरा वाजता डोकावून बघा, अर्थ कळेल.

शंभरातले सव्वादोन रुपये

आता येतो मुख्य मुद्दा. १९३९ पर्यंत आपल्याकडे पायरी पद्धत होती. उत्पन्न एका रेषेच्या वर गेलं की सगळ्या उत्पन्नाला वरचा दर. त्या वर्षी स्लॅब आले, म्हणजे वरचा दर फक्त वरच्या तुकड्याला. आजही कँटीनमध्ये "पगारवाढ नको, वरच्या स्लॅबमध्ये जाईन" म्हणणारा एखादा भेटतोच. त्याला सांगा, तू १९३८ सालात जगतोयस.

स्वातंत्र्यानंतर हे स्लॅब चढतच गेले. यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना, १९७१ च्या बजेटनंतर, वरचा दर ८५ टक्के आणि त्यावर १५ टक्के अधिभार, असा मिळून ९७.७५ टक्के झाला. एकूण अकरा स्लॅब! दोन लाखांच्या वरच्या प्रत्येक शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये तुमचे. वांछू समितीने सांगितलं की अशा दरांमुळे चोरीच वाढते, तो ७५ टक्क्यांवर आणा. १९७४ मध्ये चव्हाणांनीच तो अधिभारासकट ७७ टक्क्यांवर आणला. पगारदारांना स्टँडर्ड डिडक्शन मिळालं तेही त्याच बजेटमध्ये.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. सल्लागाराची किंमत काढायचं सूत्र अगदी सोपं आहे. तो जेवढी रक्कम कायदेशीरपणे करातून बाहेर काढू शकतो, गुणिले तुमचा सर्वांत वरचा दर. ९७.७५ टक्क्यांच्या जमान्यात सीएने हजार रुपये वाचवण्याजोगे शोधले की ९७७ रुपये ५० पैसे खिशात. म्हणजे शंभर-दोनशे फी काहीच नाही! त्या काळात नानी पालखीवाला बजेटवर बोलणार म्हटलं की मुंबईचं ब्रेबोर्न स्टेडियम भरत असे. क्रिकेटच्या मैदानात लोक करावरचं भाषण ऐकायला जातात, याचा अर्थ करात तेवढं पणाला लागलेलं होतं.

मग १९९२ मध्ये मनमोहन सिंगांनी तीन स्लॅब ठेवले: २०, ३०, ४०. १९९७ मध्ये चिदंबरमनी १०, २०, ३० केले. १९९८ मध्ये एक पानी 'सरल' फॉर्म आला. आणि ती 'एकात सहा' योजना आठवते का? घरी फोन आहे, गाडी आहे, क्रेडिट कार्ड आहे, परदेशी जाऊन आलात, यातलं काही एक असलं तरी रिटर्न भरा! आमच्या बाबांना पहिलं रिटर्न भरावं लागलं ते घरातल्या टेलिफोनमुळे. तोवर त्यांचा कर ऑफिसात कापला जायचा आणि विषय संपायचा.

बाबा गेले लक्ष्मी रोडवरच्या एका जुन्या वाड्यात, लाकडी जिना चढून, दुसऱ्या मजल्यावरच्या सीएकाकांकडे. मी सोबत होतो. काकांनी कागद बघितले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "अहो, तुम्हाला माझी गरज नाही. पण आलाच आहात तर भरून देतो." शंभर रुपये घेतले आणि चहा पाजला.

यंत्र आलं

मी २००५ मध्ये नोकरीला लागलो तेव्हा बाबा म्हणाले, "काकांकडे जा." गेलो. काकांनी फॉर्म १६ वरचे आकडे माझ्यासमोर 'सरल' मध्ये उतरवले, दहा मिनिटांत. मला पाचशे रुपये फार वाटले. कॉपी-पेस्टचे पाचशे?

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. २००४ मध्ये ई-फायलिंग सुरू झालं होतंच. २००७ पासून रिटर्नला कागद जोडायची भानगड गेली. बंगळुरूचं केंद्र रिटर्न तपासायला लागलं. २०२१ च्या नोव्हेंबरात वार्षिक माहिती पत्रक आलं, ज्यात तुमचं व्याज, लाभांश, शेअरचे व्यवहार खात्याकडे आधीच लिहिलेले असतात. आणि २०२० च्या बजेटने आणलेली नवी करपद्धत २०२३-२४ पासून आपोआप लागू होणारी झाली (जुनी निवडायची मुभा ठेवून). तिच्यात वजावटी जवळजवळ नाहीत. जुन्या पद्धतीत कलम ८० सी चे दीड लाख, गुणिले ३१.२ टक्के, म्हणजे ते जाहिरातीतले सुप्रसिद्ध ४६,८०० रुपये. नव्या पद्धतीत शून्य. २०२५-२६ या वर्षासाठी तर पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत करच नाही.

सूत्र आठवा. करातून बाहेर काढण्याजोगी रक्कम शून्य, तर गुणाकारही शून्य. मग सीएची किंमतही शून्य? २००९ पासून मी हेच सांगत फिरत होतो, आणि स्वतःचं रिटर्न स्वतः भरत होतो. दरवर्षी आयटीआर-१, वीस मिनिटं, वर एक सेल्फ-हाय-फाइव्ह.

तो एसेमेस

२०२२ मध्ये नोकरी बदलली. नव्या कंपनीची मूळ कंपनी अमेरिकन, म्हणून पगारासोबत तिकडचे थोडे शेअर. मे २०२३ मध्ये पहिले हातात आले. त्यावरचा कर पगारातच कापला गेला, फॉर्म १६ मध्ये दिसला. झालं की! जुलै २०२४ मध्ये नेहमीसारखं आयटीआर-१ भरलं.

नोव्हेंबरात खात्याने परदेशी मालमत्ता असणाऱ्यांना एसेमेस आणि ईमेल पाठवायची मोहीम काढली. त्यातला एक मला. रात्री साडेदहाला वाचला. मग वाचत गेलो. परदेशी शेअर असतील तर आयटीआर-१ चालतच नाही. परदेशी मालमत्तेचं वेगळं परिशिष्ट भरावं लागतं. न भरल्यास २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली दंड दहा लाख रुपये. मी ते वाक्य तीनदा वाचलं. काळा पैसा? मी? कर तर आधीच कापलाय! बायको म्हणाली, "झोप आता, उद्या काकांकडे जाऊ." मला झोप काही लागली नाही.

लाकडी जिना तसाच होता. काका थकलेत, आता त्यांची मुलगी बघते सगळं. तिने माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि फक्त चार प्रश्न विचारले.

"लाभांश येतो का?" नाही म्हणालो. तिने ब्रोकरचं स्टेटमेंट उघडायला लावलं. अठरा डॉलर आले होते, आणि त्यातून अमेरिकेने पंचवीस टक्के कापूनही घेतले होते.

"कर भरायला काही शेअर विकले गेले का?" म्हटलं, ते कंपनीने परस्पर विकले. "दादा, शेअर तुमचे झाले, मग विकले. म्हणजे विक्री तुमचीच."

"हे आकडे कुठल्या वर्षाचे काढलेत?" एप्रिल ते मार्च. "ते परिशिष्ट कॅलेंडर वर्षावर चालतं. जानेवारी ते डिसेंबर काढा."

"आणि एकूण किंमत?" अकरा लाख. तेव्हा ती पहिल्यांदा हसली. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून बाकीची परदेशी मालमत्ता एकूण वीस लाखांपर्यंत असेल तर तो दहा लाखांचा दंड लागत नाही. "पण म्हणून भरायचं नाही असं नाही हं," तिने लगेच जोडलं. डिसेंबरअखेरच्या आत सुधारित रिटर्न गेलं, अमेरिकेत कापलेल्या कराची सवलत मागणाऱ्या फॉर्मसकट. फी सहा हजार. जास्तीचा कर निघाला काही शे रुपये.

म्हणजे माझ्या सूत्रानुसार मी चक्क तोट्यात! पण त्या रात्री कुणी सहा हजारांऐवजी साठ मागितले असते तरी दिले असते.

मग, लावावा का?

माझं सूत्र चुकीचं नव्हतं, अर्धं होतं. ते ९७.७५ टक्क्यांच्या जगातलं होतं, जिथे सल्लागार कर वाचवायचा. आज गणित यंत्र करतं, दर सोसण्यासारखा आहे, वजावटी आटल्यात. सल्लागाराची किंमत आता दुसऱ्या ठिकाणी आहे. आपल्याला जो प्रश्न पडलाच नाही, तो तो विचारतो. यंत्र चुकीचा फॉर्मही बिनतक्रार घेतं. माझा घेतला होता.

म्हणून माझा साधा नियम असा. एक पगार, बँकेचं व्याज, नवी पद्धत: स्वतः भरा. एकदा स्वतः भरल्याशिवाय आपला कर कळत नाही. वर्षात काहीतरी *नवीन* घडलं, म्हणजे परदेशी शेअर, घर विकलं, परदेशातून परत आलात, नोकरीसोबत फ्रीलान्स सुरू केलं, किंवा नोटीस आली, तर त्या वर्षापुरते पैसे मोजा आणि समोर बसून शिकून घ्या. पुढच्या वर्षी तेच पुन्हा असेल तर कदाचित तुम्ही स्वतःच भराल. धंदा असेल तर प्रश्नच नाही, एका उलाढालीपुढे १९८४ पासून ऑडिट कायद्यानेच सक्तीचं आहे.

एक मात्र कुणालाही देता येत नाही. सीएने भरलं तरी खाली नाव तुमचं असतं आणि चूक निघाली तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. "काकांनी भरलं, मला माहीत नाही" ही सबब चालत नाही. मोडी वाचता न येणाऱ्या शेतकऱ्याला दुसरा इलाज नव्हता. आपल्याला वाचता येतं. तेव्हा सीए लावा किंवा लावू नका, पाठवण्याआधी आपलं रिटर्न एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा.

१९६१ चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आहे. ५३६ कलमं, आणि 'आकारणी वर्ष' हा डोकं फिरवणारा प्रकार जाऊन सरळ 'कर वर्ष'. सोपा केलाय म्हणतात. विल्सनचाही सोपाच होता.

असो. बाबांची जुनी फाइल परवा माळ्यावर सापडली. 'सरल' ची एक पिवळी पडलेली प्रत आणि तिला टाचणीने लावलेलं टेलिफोनचं बिल. ती फाइल मी टाकलेली नाही.